एका क्रीडाशिक्षकाची यशाची व्याख्या

खेळाने माणसाचे शील बनते, हे वाक्य शाळांच्या बक्षीस-समारंभांत इतक्या वेळा उच्चारले जाते की, ते खरे आहे किंवा नाही याची चौकशी करण्याचे कोणास सुचतही नाही. वस्तुतः क्रीडांगणावर औदार्य जितके दृष्टीस पडते तितकीच लबाडीही दृष्टीस पडते. एकाच मैदानावर एक मुलगा संयम शिकतो आणि दुसरा पंचाची नजर चुकविण्यास शिकतो. मैदान तेच, चेंडू तोच, नियमही तेच. मग हा फरक कोठून येतो? तालमीत ज्याने काही काळ घालविला आहे त्यास याचे उत्तर ठाऊक असते. लाल माती सर्वांच्या अंगास सारखीच लागते. परंतु वस्ताद जसा असेल तसा पठ्ठा निपजतो.

हे उत्तर कितपत खरे आहे आणि त्याची मर्यादा कोठे आहे, हे तपासून पाहावयाचे असेल तर अमेरिकेतील जॉन वुडन या क्रीडाशिक्षकाचे चरित्र फार उपयोगी पडते. पुरुषांच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या सर्वोच्च श्रेणीत त्यांच्याइतकी राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळविलेला शिक्षक त्या देशात दुसरा झाला नाही. तरीही यश म्हणजे जिंकणे नव्हे, असे ते आयुष्यभर सांगत राहिले. ज्यास जिंकता येत नाही त्याने असे म्हटले तर जग ते मनावर घेत नाही. परंतु जो सदैव जिंकतो त्याने असे म्हणावे, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

वुडन यांचा जन्म १४ ऑक्टोबर १९१० रोजी इंडियाना संस्थानात एका शेतकरी कुटुंबात झाला. घरी वीज नव्हती. वडील जोशुआ वुडन हे मितभाषी, वाचनप्रिय आणि करारी गृहस्थ होते. खोटे बोलू नये, फसवू नये, चोरी करू नये. तसेच रडू नये, कुरकुर करू नये, सबबी सांगू नयेत, असे दोन त्रिकांचे नियम त्यांनी मुलांस घालून दिले होते. पहिले त्रिक पाळणे त्या मानाने सोपे असते. दुसऱ्याची कसोटी विपत्काळी लागते, आणि ती वेळ लवकरच आली. वडिलांनी कर्ज काढून डुकरे विकत घेतली होती. रोगप्रतिबंधक म्हणून त्यांस जी लस टोचली ती सदोष निघून सर्व जनावरे दगावली. कर्ज फिटेना आणि शेत गेले. कुटुंब जवळच्या मार्टिन्सव्हिल गावी येऊन राहिले व वडिलांनी तेथील एका आरोग्यभवनाच्या स्नानगृहात नोकरी धरली. पुढे वुडन सांगत असत की, या आपत्तीबद्दल वडिलांनी लस विकणाऱ्यास किंवा दैवास कधीही बोल लावला नाही. मुलास पहिला धडा मिळाला तो हा, आणि तो शब्दावाचून मिळाला.

मार्टिन्सव्हिलच्या शाळेत वुडन बास्केटबॉल खेळू लागले. १९२७ साली त्यांच्या शाळेने संस्थानचे अजिंक्यपद पटकावले. पुढे पर्ड्यू विद्यापीठात त्यांची गणना देशातील उत्कृष्ट खेळाडूंत सलग तीन वर्षे झाली. परंतु ते केवळ खेळाडू नव्हते. इंग्रजी वाङ्मय हा त्यांचा आवडीचा विषय होता. १९३२ च्या ऑगस्टमध्ये त्यांचा विवाह झाला. विवाहाच्या तोंडावरच बँक बुडाली आणि साठविलेले नऊशेंवर डॉलर नाहीसे झाले. महामंदीचे ते दिवस होते. अशा स्थितीत केंटकी संस्थानातील डेटन येथे एका शाळेत इंग्रजी शिकविण्याचे व खेळांची देखरेख करण्याचे काम त्यांनी पत्करले. पहिल्या वर्षी त्यांच्या बास्केटबॉल संघाने जिंकलेल्या सामन्यांपेक्षा गमावलेले सामने अधिक होते. त्यांच्या उभ्या कारकिर्दीत असे वर्ष पुन्हा आले नाही.

१९३४ मध्ये ते इंडियानातील साउथ बेंड येथे शिक्षक झाले. त्यांच्या यशविषयक विचाराचा उगम तेथे, तोही खेळाच्या मैदानावर नव्हे तर इंग्रजीच्या वर्गात झाला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्यांस असे आढळून आले की, मुलास दुसऱ्या किंवा तिसऱ्या श्रेणीचे गुण मिळाले की पालक रुष्ट होतात. शेजाऱ्याच्या मुलास मध्यम गुण मिळाले तर त्यात कोणास वावगे वाटत नाही. सर्वच मुले पहिल्या श्रेणीची कशी असतील, असे समंजसपणे म्हटले जाते. परंतु तो समंजसपणा स्वतःच्या घराच्या उंबरठ्याशी संपतो. आपल्या मुलास मध्यम गुण मिळाले म्हणजे एक तर मुलाने कसूर केली असावी, नाहीतर मास्तरने, असा निकाल लागतो. मुलाने शक्ती पणास लावली होती किंवा नाही, हा प्रश्न कोणीच विचारीत नाही. हे चित्र अमेरिकेतील आहे. परंतु परीक्षेच्या निकालाचा दिवस ज्या ज्या घरी येतो त्या त्या घरास ते ओळखीचे वाटल्यावाचून राहणार नाही.

वुडन यांस आपल्या शाळेतील एक प्रसंग आठवला. मार्टिन्सव्हिलच्या एका गणितशिक्षकाने मुलांना यशाची व्याख्या लिहून आणण्यास सांगितले होते. बहुतेकांच्या व्याख्यांत पैसा, अधिकार आणि लौकिक हेच आले. आता त्या जुन्या प्रश्नाचे उत्तर वुडन यांनी नव्याने लिहिले. त्याचा आशय असा की, आपल्या ठायी जितके सामर्थ्य आहे तितके प्रकट करण्यासाठी आपण काही बाकी ठेवले नाही, या जाणिवेतून जे मनाचे समाधान लाभते तेच यश होय. म्हणजे यशाचा हिशेब दुसऱ्याच्या वहीत नसून ज्याच्या त्याच्या मनात असतो, आणि तेथे खोटी नोंद करता येत नाही.

व्याख्या झाली, परंतु ती आचरणात आणावयाची कशी? त्यासाठी वुडन यांनी एक आकृती योजिली. पायथ्याशी पाच, त्यावर चार, मग तीन, मग दोन आणि शिखरावर एक, अशी पंधरा दगडांची ती पायऱ्यापायऱ्यांची रचना होती. १९३४ मध्ये आरंभिलेली ही आकृती पूर्ण व्हावयास १९४८ साल उजाडले. पायथ्याच्या दोन कोपऱ्यांस त्यांनी उद्योगशीलता आणि उत्साह हे गुण बसविले. त्यांच्या मध्ये स्नेह, निष्ठा आणि सहकार्य. वरच्या थरांत आत्मसंयम, सावधानता, शारीरिक सिद्धता, कौशल्य, संघभावना, स्थैर्य इत्यादी गुण येतात, आणि शिखरावर आहे ती आणीबाणीच्या क्षणी आपले सर्वोत्तम देण्याची वृत्ती. या पंधरा दगडांत ‘विजय’ नावाचा दगड नाही. त्यांचे विद्यार्थी सांगतात की, सामन्यापूर्वी वुडन जिंकण्याचा विषय सहसा काढीत नसत.

असे तक्ते तयार करणे फारसे अवघड नाही. सुभाषिते तर भिंतीभिंतीवर टांगलेली असतात. व्याख्येचे खरे मोल तिच्यापायी काही गमवावे लागते तेव्हा कळते. वुडन यांच्यावर असा प्रसंग लवकरच आला. महायुद्धात नौदलात नोकरी करून परतल्यावर १९४६ मध्ये ते इंडियाना स्टेट या अध्यापक महाविद्यालयात क्रीडाशिक्षक झाले. पहिल्याच वर्षी त्यांच्या संघाची कामगिरी इतकी चांगली झाली की, कॅन्सस सिटी येथील अखिल देशीय स्पर्धेचे निमंत्रण आले. नव्या माणसास याहून मोठी संधी कोणती? परंतु निमंत्रणास एक अट होती. कृष्णवर्णीय खेळाडूस त्या स्पर्धेत मज्जाव होता. आणि वुडन यांच्या संघात क्लॅरेन्स वॉकर नावाचा एक कृष्णवर्णीय विद्यार्थी होता. तो संघाचा आधारस्तंभ नव्हता, तर राखीव खेळाडू होता. त्याच्यावाचून संघाचे फारसे अडले नसते. तरी वुडन यांनी निमंत्रण नाकारले. ज्याच्या पायथ्याशी सहकार्य आणि निष्ठा आहे त्या इमारतीतून सोयीसाठी एक दगड काढून ठेवता येत नाही, हे त्यांस उमगले होते. पुढच्या वर्षी त्या निर्बंधाविरुद्ध इतर संघांकडूनही आवाज उठला आणि तो रद्द करण्यात आला. १९४८ च्या मार्चमध्ये वॉकर त्या स्पर्धेत उतरला. त्या स्पर्धेत खेळणारा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. अंतिम सामन्यात संघ हरला. खेळाच्या नोंदवहीत ती हार म्हणून नमूद आहे; देशाच्या इतिहासात तिचे मोल वेगळे आहे.

त्याच वर्षी दुसरी कसोटी लागली. वुडन यांस दोन विद्यापीठांकडून बोलावणे होते. मिनेसोटा हे त्यांच्या मायभूमीजवळचे आणि मनाजोगे. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ हे दूरचे व अनोळखी. मिनेसोटाचा दूरध्वनी ठरलेल्या संध्याकाळी ठरलेल्या वेळी यावयाचा होता, तो आला नाही. नंतर लॉस एंजेलिसचा आला. मिनेसोटाने आपला विचार सोडला असे समजून वुडन यांनी होकार दिला. थोड्याच वेळाने मिनेसोटाचा दूरध्वनी आला. हिमवादळाने तारा बंद पडल्या होत्या, एरवी विलंब झालाच नसता. अद्याप कागदावर सही झालेली नव्हती. परंतु शब्द गेला होता आणि वुडन यांच्या लेखी तो पुरेसा होता. दोन वर्षांनी, म्हणजे १९५० मध्ये, त्यांच्या स्वतःच्या पर्ड्यू विद्यापीठाने अधिक चांगल्या अटींवर त्यांस बोलाविले, तेव्हा त्यांचे मन डळमळले. त्या वेळी लॉस एंजेलिसच्या अधिकाऱ्यांनी त्यांस स्मरण दिले की, तीन वर्षांच्या कराराचा आग्रह आपणच धरला होता. वुडन मुकाट्याने राहिले. दुसऱ्यास शब्द पाळावयास शिकविणाऱ्याचा शब्द कोणीतरी त्याच्यापुढे ठेवला, आणि त्याने तो मानला. शीलाची वाढ अशीही होते.

लॉस एंजेलिस येथील आरंभीची परिस्थिती मुळीच स्पृहणीय नव्हती. जुन्या व्यायामशाळेच्या वरच्या मजल्यावर बास्केटबॉलचा सराव चाले, त्याच वेळी तेथे कुस्तीगीर व कसरतपटू आपापला सराव करीत. सरावापूर्वी जमिनीवरची धूळ झाडण्याचे काम स्वतः वुडन करीत. पुढे तेथे भव्य क्रीडागृह झाले, परंतु ते १९६५ मध्ये. आल्याच वर्षी त्यांनी संघ सुधारला. तथापि राष्ट्रीय अजिंक्यपद मिळावयास १९६४ साल उजाडावे लागले. १९४८ ते १९६४ हा काळ थोडा नव्हे. आजच्या क्रीडाजगात इतकी वर्षे कोणी वाट पाहू देत नाही. त्या सोळा वर्षांत वुडन जे शिकवीत होते तेच त्यांनी नंतर अजिंक्यपदांच्या वर्षांतही शिकविले. मधल्या काळात पद्धतीत अनेक फेरफार झाले, पण ध्येय बदलले नाही. १९६४ च्या अजिंक्य संघात पहिल्या पाचांपैकी एकही खेळाडू साडेसहा फूट उंचीचा नव्हता, आणि तरी त्या वर्षी त्यांनी तीसच्या तीस सामने जिंकले.

त्यानंतरचा काळ हा आकड्यांचा आहे. बारा वर्षांत दहा अजिंक्यपदे. त्यांपैकी १९६७ ते १९७३ अशी सात लागोपाठ. चार हंगाम एकही हार न खाता पूर्ण. आणि सलग ८८ सामन्यांत विजय. ही विजयमालिका १९ जानेवारी १९७४ रोजी नॉत्र दाम विद्यापीठाने ७१ विरुद्ध ७० अशा एका गुणाने तोडली.

हे सर्व कोणत्या मंत्राने साधले, हे पाहण्यास लोक येत आणि बहुधा निराश होत. दरवर्षी सरावाच्या पहिल्या दिवशी, नामांकित खेळाडूंस समोर बसवून, वुडन पायमोजे कसे चढवावेत व बुटाचे बंद कसे बांधावेत हे शिकवीत. पायमोज्यात सुरकुती राहिली की फोड येतो, फोड आला की सराव बुडतो, सराव बुडला की संघाचे नुकसान होते. इतक्या लहान कारणापासून इतक्या मोठ्या परिणामापर्यंत जाणारी ही साखळी मुलांच्या मनावर ठसवावी, हा त्यांचा हेतू. प्रत्येक सरावाचे मिनिटामिनिटाचे टिपण ते आधी लहान पत्र्यांवर लिहून काढीत आणि ती टिपणे वर्षानुवर्षे जपून ठेवीत.

१९७४-७५ च्या हंगामात रोनाल्ड गॅलिमोर व रोलंड थार्प या दोन मानसशास्त्रज्ञांनी त्यांचे पंधरा सराव बसून पाहिले आणि त्यांच्या तोंडून निघालेले प्रत्येक विधान नोंदले. अशा २,३२६ नोंदी झाल्या. त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश नोंदींत कोणती ना कोणती माहिती होती: काय करावे, कसे करावे, का करावे. नुसती स्तुती शेकडा सातच्या आसपास. नुसती नापसंतीही जवळजवळ तितकीच. चूक झाली की ते करावयाची रीत करून दाखवीत, मुलाने कसे केले ते दाखवीत, आणि पुन्हा योग्य रीत दाखवीत. हे सारे काही क्षणांत उरके. क्रीडाशिक्षक म्हणजे ओरडणारा किंवा पाठ थोपटणारा मनुष्य, ही समजूत या नोंदींपुढे टिकत नाही. तो इंग्रजीचा मास्तर अखेरपर्यंत मास्तरच राहिला होता.

येथेच हे चरित्र संपविले तर ते स्तोत्र होईल, इतिहास होणार नाही. वुडन यांच्या हातूनही उणे राहिले. सामन्याच्या वेळी गुंडाळलेला कार्यक्रमपत्रक हातात धरून ते पंचांस व प्रतिपक्षाच्या खेळाडूंस बोचरे शब्द बोलत. आत्मसंयमाचा दगड ज्यांनी इमारतीत बसविला त्यांच्याच हातून तो असा ढळे. १९७० च्या वसंतऋतूत संघाच्या भोजनसमारंभात एका राखीव खेळाडूने उभे राहून सांगितले की, या संघात प्रमुख खेळाडूंस एक न्याय व इतरांस दुसरा असतो. वुडन यांस ते फार लागले. सर्वांस सारखे वागविणे म्हणजे न्याय नव्हे, ज्यास जे योग्य ते देणे म्हणजे न्याय, असे त्यांचे मत होते. मत विचारणीय आहे. परंतु बाकावर बसून राहिलेल्या मुलास ते पटत नाही, यातही खोटे काय आहे? वॉकरसारख्या राखीव खेळाडूसाठी ज्याने एक स्पर्धा सोडली त्यास तेवीस वर्षांनी दुसऱ्या एका राखीव खेळाडूने तोच हिशेब विचारावा, हा योग विलक्षण खरा.

याहून गंभीर गोष्ट पुढे आली. सॅम गिल्बर्ट नावाचे एक धनाढ्य गृहस्थ खेळाडूंस नियमबाह्य साह्य करीत असत. १९८१ मध्ये महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने त्याबद्दल विद्यापीठास शिक्षा केली. वुडन तोपर्यंत निवृत्त होऊन सहा वर्षे झाली होती आणि ते स्वतः दोषी ठरले नाहीत. परंतु नंतर वृत्तपत्रांनी केलेल्या चौकशीत त्या गृहस्थाचे संबंध वुडन यांच्या काळापर्यंत पोचत असल्याचे दिसून आले, आणि शिक्षकास हे दिसले कसे नाही, असा प्रश्न विचारला गेला. त्याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही. पायमोज्यातील सुरकुती ज्याच्या नजरेतून सुटत नसे त्यास हे दिसू नये, यात त्यांच्या भक्तांनाही अवघडल्यासारखे होते. यावरून त्यांची शिकवण खोटी ठरत नाही. मात्र एवढे निश्चित होते की, शील ही एकदा बांधून पुरी झालेली इमारत नव्हे. तिची डागडुजी रोज करावी लागते. आणि सर्व बाजूंनी जयजयकार चालू असतो तेव्हा तर ती अधिक करावी लागते.

वुडन यांची निवृत्ती त्यांच्या व्याख्येवर जणू भाष्यच करून गेली. १९७४ मध्ये उपांत्य सामन्यात त्यांचा संघ हरला होता. १९७५ मध्ये उपांत्य सामना जिंकल्यावर त्यांनी मुलांस सांगितले की, आता पुढचा सामना हा आपला अखेरचा. ३१ मार्च १९७५ रोजी सॅन डिएगो येथे केंटकी विद्यापीठाचा ९२ विरुद्ध ८५ असा पराभव करून त्यांनी दहावे अजिंक्यपद मिळविले. सामना संपताच विद्यापीठाचा एक चाहता अभिनंदन करण्यास पुढे आला आणि म्हणाला की, गेल्या वर्षी आपण आमची निराशा केली होती, ती आज भरून निघाली. हा प्रसंग वुडन स्वतःच पुढे हसत सांगत. बारा वर्षांत दहा वेळा जिंकूनही ज्या जगाच्या वहीत येणे बाकी उरते, त्या जगाच्या वहीत आपला हिशेब लिहू देण्यात अर्थ नाही, हे १९३४ मध्ये वर्गात सुचलेले तत्त्व त्यांस चार दशकांनी मैदानावर पुन्हा सापडले.

४ जून २०१० रोजी, शंभरी पुरी व्हावयास थोडेच महिने उरले असता, त्यांचे निधन झाले. त्यांचे जुने विद्यार्थी, ज्यांपैकी कित्येक स्वतः आजोबा झाले होते, अखेरपर्यंत त्यांच्या लहानशा घरी येत असत. त्यांपैकी करीम अब्दुल-जब्बार यांनी या गुरुशिष्य-स्नेहावर २०१७ मध्ये एक पुस्तक लिहिले. विद्यार्थी असे परत येतात ते अजिंक्यपदांची उजळणी करण्यास नव्हे.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर असे देता येईल. खेळाने शील आपोआप घडत नाही. ते शिकवावे लागते, आणि शिकविणाऱ्यास त्याची किंमत आधी स्वतः मोजावी लागते. वुडन यांनी ती १९४७ मध्ये एका राखीव खेळाडूसाठी मोजली, म्हणून त्यांच्या तक्त्यास अर्थ आला. जेथे ती मोजली गेली नाही तेथे तक्ताही मुका राहिला. हीच कसोटी घरासही लागू पडते. मुलगा प्रगतिपुस्तक घेऊन दारात उभा राहील तेव्हा त्यास पहिला प्रश्न कोणता विचारला जातो, यावर यशाची कोणती व्याख्या त्या घरात शिकविली जात आहे हे ठरते.